तुमचे चिरंजीव आणि सूसामीरचा बर्फ

बिश्केक,
१७ मार्च

आदरणीय व्याही ओमोर कुदाके यांस,

कचकिनबायचा छातीवर हात ठेवून सलाम. तुम्ही, विहीणबाई, थोरली सून, नातवंडं, मेंढरं, दोन्ही गायी आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला ओढ्यात टाकणारी ती घोडी, सगळे सुखरूप असाल अशी आशा करतो. आत-बाशीला यंदा बर्फ हटायचं नाव घेत नाही असं रेडिओवर ऐकलं. गवत पुरलं का? गुडघ्याला मेंढीच्या शेपटाची चरबी चोळत होता, तिचा काही गुण आला का? (मी तेव्हाही म्हटलं होतं की चरबीची जागा पातेल्यात आहे, गुडघ्यावर नाही. पण तुमचा गुडघा, तुमची मेंढी.) आमच्याकडे उर्कियाची तब्येत उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम आहे. माझी पाठ रविवारपर्यंत उत्तम होती. त्या रविवारबद्दलच हे पत्र.

फोन केला असता. पण तुमच्याकडे फोन आला की विहीणबाई तो मोठ्या आवाजावर लावून टेबलाच्या मधोमध ठेवतात, आणि तुमच्याशी बोलायचं म्हणजे निम्म्या आत-बाशीशी बोलायचं असं होतं. काही गोष्टी दोन व्याह्यांतच राहाव्यात. शिवाय तुमच्या कुबातनं तुम्हाला अजून फोन केला नसला तर तो आज-उद्या करील, आणि करील तेव्हा हसत करील. तो हसायला लागायच्या आधी खरी हकीकत तुमच्या हातात लेखी असावी, म्हणून लिहायला बसलो.

कुबातबद्दल माझी काहीच तक्रार नाही. (आहे. पण व्याह्यांना लिहिताना सुरुवात अशीच करायची असते.) मुलगा गुणी आहे. सोमवार ते शनिवार लोकांचे दात इतक्या हळुवार हातानं काढतो की माणूस घरी जाऊन आरशात पाहतो तेव्हा कुठे दात गेल्याचं कळतं. मी स्वतः माझी दाढ त्याच्या हवाली केली. सासऱ्यानं जावयावर याहून जास्त विश्वास टाकू नये. पण रविवार उजाडला की या सभ्य माणसाच्या अंगात काय शिरतं कोण जाणे. गुडघ्यापर्यंत बूट चढवतो, गाडीच्या टपावर फावडी, दोरखंड आणि माणसाच्या उंचीचा एक जॅक बांधतो, आणि 'ताशताबान' नावाच्या जीप क्लबाबरोबर डोंगरात निघून जातो. ताशताबान म्हणजे दगडी तळवा. या क्लबाचं काम असं, की चांगला रस्ता सोडायचा, गाडी कुठे अडकेल ती जागा शोधायची, तिथे ती अडकवायची, संध्याकाळपर्यंत उपसून काढायची आणि घरी येऊन दिवस फार छान गेला म्हणून सांगायचं. गुरं चिखलात उतरतात ती निदान पाणी प्यायला तरी उतरतात.

मी वाहनचालक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं हे तुम्हाला ठाऊक आहेच. लग्नात तुम्हीच उभं राहून, हातात प्याला धरून, 'अर्ध्या बिश्केकला गाडी शिकवणारे आमचे व्याही' अशी माझी ओळख करून दिली होती. (त्या वाक्याकडे पुढे यावं लागणार आहे.) निवृत्त झाल्यापासून मी बाल्कनीत बसतो. खालच्या चौकात कोण लाल दिवा तोडतो, कोण वळताना इशारा देत नाही, कोण पादचाऱ्यावर भोंगा वाजवतो, ते वहीत टिपून ठेवतो. कुणाला दाखवायला नाही. नोंद असलेली बरी. घरच्यांना मात्र ते बघवत नाही. चिनारा म्हणाली, "बाबा, या रविवारी तुम्ही आणि आई आमच्याबरोबर चला. एक दिवस चौकाला तुमच्यावाचून राहू दे." उर्किया लगेच तयार झाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. जी बाई बसमध्ये खिडकी उघडी असली तर दुसऱ्या बसनं जाते ती बर्फात जायला इतकी उत्सुक का?

पाचला निघायचं होतं. पाचला मी पेट्रोलपंपावर हजर होतो. पंपावर एक कुत्रं होतं आणि मी होतो. कुबात गाडीत बसून पेंगत होता. पावणेसहाला दुसरी गाडी आली, साडेसहाला आणखी दोन, आणि सात वाजता क्लबाचे म्होरके गेनादी अर्कादिच अवतरले. हे गृहस्थ पूर्वी सर्कशीत झोक्यांचे दोर बांधायचे, त्यामुळे गाठींवर त्यांचं प्रभुत्व आहे, घड्याळावर नाही. पोटापर्यंत दाढी, छातीवर वॉकी-टॉकी, आणि गाडी एवढी उंच की आत चढायला त्यांनी मागे शिडी लावून घेतली आहे. मला पाहून त्यांनी दोन्ही हात पसरले. "मास्तर! ओळखलं नाही का? १९९९ साली तुमच्या वर्गात होतो, खिडकीजवळच्या बाकावर!" मी ओळखलं. थांबण्याच्या रेषेच्या प्रश्नावर तीनदा नापास झाला होता. आज चार गाड्या त्याच्या मागून जाणार होत्या.

रस्त्यात मी माझं काम केलं. कुबातनं करा-बाल्ताच्या अलीकडे दोन गाड्यांमधलं अंतर कमी ठेवलं, ते सांगितलं. वळणावर वेग जास्त होता, ते सांगितलं. एका मेंढपाळाच्या कळपाला त्यानं भोंगा वाजवला, तेव्हा कळपाला वाट देण्याचा नियम क्रमांकासकट सांगितला. कुबात दर वेळी "हो बाबा" म्हणत होता. आठव्या "हो बाबा"नंतर चिनारानं रेडिओचा आवाज वाढवला. मागच्या सीटवर माझ्या शेजारी उर्किया बोर्सोक खात बसली होती, पिशवीत हात घालायचा, एक तळलेला तुकडा काढायचा, बाहेर बघायचं. आणि बघत कुठे होती? डोंगराकडे नाही. कुबातच्या पायांकडे. क्लच दाबला की हिची मान हलायची. मला वाटलं गाडी लागते आहे, म्हणून मी तिला कुरुताची, वाळवलेल्या दह्याची आंबट गोळी दिली. तिनं ती परत केली.

तोआशूच्या बोगद्यातून पलीकडे बाहेर पडलो आणि कुदाके, कबूल करतो, मी दोन मिनिटं एकही नियम बोललो नाही. सगळं सूसामीर खोरं पांढरं, वर निळंभोर आभाळ, वारा नाही, आवाज नाही. असं खोरं असावं, शेजारून डांबरी रस्ता जावा, आणि माणसानं तो रस्ता धरून पलीकडच्या टपरीत चहा प्यावा, याहून जास्त कशाची गरज आहे? तेवढ्यात गेनादी अर्कादिच वॉकी-टॉकीवर गरजले, "डावीकडे उतरा, हवा काढा!" आणि पाचही गाड्या रस्ता सोडून थांबल्या. सगळे खाली उतरले आणि आपापल्या टायरांतली हवा सोडू लागले. चांगल्या भरलेल्या टायरांतली! म्हणे, मऊ टायर बर्फावर पसरतं. मी कुबातला विचारलं की मग शहरात भरलीच कशाला. तो म्हणाला, "हो बाबा." त्याला प्रश्नही कळेनासा झाला होता.

पहिले अडकले ते गेनादी अर्कादिच, रस्त्यापासून दोनशे पावलांवर. त्यांना ओढायला गेला तो कझाक दुकानदार अडकला. त्याला ओढायला गेलं एक जोडपं, हिरव्या जीपवालं. ते अडकलं नाही, कारण त्यांचा दोर तुटला आणि ते मागे मोकळ्या जागी घसरत गेले. अकरा वाजेपर्यंत आम्ही अर्धा किलोमीटर पुढे गेलो होतो. एवढ्या वेळात तुमची ती घोडी मला ओढ्यात टाकून, घरी जाऊन, दूध देऊन परत आली असती. आणि सगळे आनंदात! मोठमोठी माणसं, कुणी दातांचा डॉक्टर, कुणाचं दुकान, कुणी विमानतळावर मोठ्या हुद्द्यावर, कमरेपर्यंत बर्फात उभी राहून एकमेकांना "फावडं दे" म्हणत हसत होती. मी प्रत्येकाला त्याची चूक समजावून सांगितली. एकानं माझ्या हातात फावडं दिलं. पाठ तिथे गेली.

पुढे दोन-अडीच किलोमीटर घट्ट बर्फ लागला, आणि मग आमची पाळी आली. कुबातची गाडी एका घळीच्या तोंडाशी उजव्या बाजूला कलली आणि मागचं चाक जागच्या जागी गरगरायला लागलं. चाकाखाली काहीतरी जाड, खरखरीत घालायला हवं होतं. तसं गाडीत होतं. कुबातनं ते घातलं. (काय घातलं ते इथे लिहीत नाही; पत्राचं हे पान विहीणबाईंच्या हाती पडायची भीती आहे. शेवटी पाहावं.) मी ओरडलो, उर्किया ओरडली, पण तुमच्या चिरंजीवानं गाडी सुरू केली, चाकानं ती वस्तू ओढून घेतली आणि मागच्या बाजूनं अशी भिरकावली की ती गरुडासारखी पंख पसरून वीस पावलं उडाली आणि गेनादी अर्कादिचच्या टपावर बसली. गाडी मात्र तिथेच.

हे सगळं चाललेलं असताना काय यावं? एक जपानी टॅक्सी, तीच छोटी, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, आमच्या शहरात जिच्यात बटाटे, नवरी आणि कपाट एकाच वेळी जातात ती. आत नवरा-बायको, तीन मुलं, म्हातारी आणि मागे जिवंत मेंढा. आमच्यापासून चाळीस पावलांवरून, सपाट जमिनीवरून जावी तशी चालली होती. थांबली. बाईनं काच खाली केली.

"काही हरवलंय का?" तिनं विचारलं.

"अडकलोय," कुबात म्हणाला.

"ते दिसतंय. पण तिथे गेलात कशाला? वाट तर इथे आहे."

वाट खरंच तिथे होती. घोड्यांच्या घसरगाड्यांनी हिवाळाभर दाबून दगडासारखी केलेली, वर बोटभर भुरभुरीत बर्फ पडल्यामुळे न दिसणारी. ती माणसं पलीकडच्या वाडीवर बाळाला पाळण्यात घालायच्या जेवणाला निघाली होती. "वाट माहीत आहे आम्हाला," गेनादी अर्कादिच ताठ मानेनं म्हणाले, "आम्ही मुद्दाम सोडली." त्यावर मागची म्हातारी म्हणाली, "बरं बाबा, मुद्दाम असेल तर ठीक." आणि काच वर करता करता सुनेला म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलं: "शहरातली आहेत. जेवली नसतील." त्यांनी खिडकीतून आम्हाला दोन रोट्या दिल्या. आम्ही घेतल्या. पाच जीप, गाड्या ओढायचे दोन विंच, सर्कशीचे दोर, आणि टॅक्सीतून रोट्या.

एव्हाना दोन वाजले होते आणि आभाळ पश्चिमेकडून राखेसारखं व्हायला लागलं होतं. घाई सुरू झाली. घाईत कुबातनं तो माणसाच्या उंचीचा जॅक लावला, गाडी उचलली, आणि दांडा सुटून सणकन वर आला तो त्याच्या उजव्या मनगटावर. मी आवाज ऐकला. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला आणि मनगट बर्फात खुपसलं. कुदाके, घाबरू नका, हाड मोडलेलं नाही. फोटो काढला, नुसता मुका मार आहे, आठ दिवस पट्टी. बोटं सगळी हलतात, दातांना काही भीती नाही. पण त्या क्षणी कुणाला काय ठाऊक? चिनाराचा चेहरा मी पाहिला. हाताचं काम करणाऱ्या माणसाचा हात तो.

इतरांनी विंच लावून गाडी बाहेर ओढली, वाटेवर आणली. बर्फ पडायला लागला होता, पहिल्यांदा मऊ, मग वाऱ्याबरोबर आडवा. आता निघायला हवं होतं. आणि प्रश्न आला की कुबातची गाडी चालवणार कोण. प्रत्येक गाडीला एकच चालवणारा, बाकी बायकामुलं. गाडी तिथेच सोडली तर मे महिन्यात भेट. चिनाराकडे लायसन नाही. (ते मी तिला परीक्षेला बसू दिलं नाही म्हणून. रेल्वे फाटकाच्या धड्यात ती अजून कच्ची आहे. सूसामीरमध्ये रेल्वे नाही, हे तिनं मला त्या वेळी ज्या स्वरात सांगितलं तो स्वर मुलीनं बापाशी लावू नये.) मग गेनादी अर्कादिचनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, आपण कशाला डोकं खाजवतोय? मास्तर आहेत ना!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बर्फात पाच जणांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा आनंद दिसला, तो मी उभ्या जन्मात माझ्यामुळे कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. मी म्हणालो, माझा चष्मा लांबचा आहे. ते म्हणाले, चालेल. मी म्हणालो, पाठ गेली आहे. ते म्हणाले, सीट मागे घेऊ. मी म्हणालो, परक्याच्या गाडीचा विमा. कुबात म्हणाला, "बाबा, मी कुठला परका?" मग मला बोलावं लागलं. आता तुम्हालाही सांगतो, कारण लग्नातलं ते वाक्य तुमचं होतं आणि मी तेव्हा मान लववून ते स्वीकारलं होतं. मी धडे शिकवत होतो, कुदाके. फळ्यावर. खडूनं. नियम, चिन्हं, कुणी आधी जायचं, कुणी थांबायचं. गाडी अंगणात सुयुनालीबाय शिकवायचे, त्यांची जागा वेगळी, हजेरीपट वेगळा. मी एकतीस वर्षांत एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही. माझ्याकडे लायसन नाही. पहिल्या वर्षी कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, आणि दहा वर्षं झाल्यावर कुणी विचारलंच असतं तर सांगता आलं नसतं.

कुणी हसलं नाही. गेनादी अर्कादिचनं टोपी काढली आणि परत घातली. "म्हणजे मला तीनदा नापास केलं ते..." एवढं म्हणून तो थांबला.

तेव्हा मागून आवाज आला, "सरका."

उर्किया. हातातली बोर्सोकची पिशवी तिनं माझ्याकडे दिली, सीटवर चढली, सीट पुढे ओढली, आरसा वळवला, आणि क्लचवर पाय ठेवून गिअरचा दांडा असा हलवून पाहिला जसा आपण ओळखीच्या माणसाचा हात हातात घेतो. "१९८१ ते ८३," ती समोर बघत म्हणाली, "सामुदायिक शेताचा दुधाचा ट्रक. उन्हाळ्यात कुरणावर, हिवाळ्यात डेअरीवर. ब्रेक नव्हते म्हटलं तरी चालेल." आमच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. एकोणचाळीस वर्षं ही बाई बसच्या रांगेत माझ्या शेजारी उभी राहिली. मी विचारलं, "हे मला कधी सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "तुम्ही गाड्यांबद्दल बोलत होता ना. मध्ये कुठे बोलणार?"

पुढचं लिहिण्यासारखं विशेष नाही. बर्फ जोराचा होता, वाट दिसत नव्हती, एका बाजूला ओढ्याची घळ होती. दुपारच्या रोट्या जरा जड झाल्या होत्या, म्हणून मी थोडा वेळ उतरून चाललो, पाय मोकळे करायला. शिवाय दुसऱ्या गिअरवर इंजिन ओरडत असताना तिसरा न टाकणाऱ्या बाईशेजारी बसणं मला जमत नाही. तिला म्हटलं तर "हो मास्तर" म्हणाली. सहाच्या सुमाराला सगळे डांबरी रस्त्यावर आलो. टायरांत परत हवा भरली. (शहरात भरलेली तीच हवा सूसामीरला सोडून.) टपरीत चहा प्यायलो; सकाळीच प्यायला असता तर एवढं रामायण झालं नसतं. उर्कियानं बोगद्यातून घरापर्यंत गाडी आणली आणि आमच्या इमारतीखाली ती दोन गाड्यांच्या मधे, मागे घेत, एका झटक्यात लावली. बाल्कनीतून शेजारी बघत होते.

तर कुदाके, बाप या नात्यानं तुम्ही कुबातला चार शब्द सांगावेत. तुमचं तो ऐकतो. मला नुसतं "हो बाबा" म्हणतो, आणि रविवारपासून तर तेही हसून म्हणतो. त्याला सांगा की देवानं डोंगर केला तो लांबून पाहायला आणि सरकारनं रस्ता केला तो वापरायला. ताशताबान सोडून द्यावं, बुद्धिबळ खेळावं, मासे धरावेत. मनगट थोडक्यात वाचलं. माणूस दर वेळी थोडक्यात वाचत नसतो. लग्नातल्या त्या वाक्याबद्दल मी तुमचा अपराधी आहे. तुम्ही भर मांडवात माझ्या नावानं प्याला उचललात आणि मी खोट्या मानाचा घोट घेतला. रागवावं वाटलं तर रागवा, पण आपल्या दोन घरांत त्यामुळे अंतर पडू देऊ नका. नूरूजच्या शुभेच्छा. विहीणबाईंना उर्कियाचा आणि माझा सलाम, नातवंडांच्या गालाचा पापा.

तुमचा,
कचकिनबाय

ता. क. १: चाकाखाली घातलेली वस्तू म्हणजे विहीणबाईंनी दोन हिवाळे बसून शिवलेला, लग्नात दिलेला नमद्याचा शिर्दाक गालिचा. माझ्या पाठीला गारठा लागू नये म्हणून उर्कियानं सीटवर अंथरला होता. आम्ही तो तीनदा धुतला, बाल्कनीत वाळत घातला आहे. मेंढ्याच्या शिंगांची नक्षी जशीच्या तशी आहे, तिच्यावरून टायरची नक्षी तिरकी गेली आहे. चौथ्या मजल्यावरची बाई विचारत होती की ही नवी पद्धत कुठल्या गावची. विहीणबाईंना हे कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा. त्यांचं पोट भरलेलं असताना सांगा, आणि घातला कुणी ते आधी सांगा. त्यांचाच मुलगा आहे.

ता. क. २: तुमच्या गोठ्यामागे जुनी लष्करी जीप उभी असते, ती अजून सुरू होते का? सहज विचारतो. मे महिन्यात कुरण वाळलं की मी आठ-दहा दिवस यावं म्हणतो, हवापालटाला. तिथे मोकळं रान आहे, चौक नाही, पोलीस नाही, ओळखीचं कुणी नाही. सकाळी लवकर, कुणी उठायच्या आत, तुम्ही शेजारी बसाल का? मला नियम सगळे येतात. फक्त पायांचं सांगायला हवं. कुबातला कळू देऊ नका. उर्कियाला तर मुळीच नको.

ता. क. ३: गेनादी अर्कादिचनं फोन करून मला क्लबाचा सुरक्षाप्रमुख नेमल्याचं कळवलं. मी नाही म्हणालो. मग एवढ्या बेशिस्त माणसांना वाऱ्यावर सोडणं बरं नव्हे, म्हणून हो म्हणालो. पुढची सहल १२ एप्रिलला आहे. पाच म्हणजे पाच, असं मी सगळ्यांना लेखी कळवलं आहे.

कुदाके, मी उर्किया. यांचं पत्र पोस्टात टाकायला मला दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. सगळं खरं आहे, एक सोडून. रोट्या जड झाल्या म्हणून हे उतरले नव्हते. बर्फात समोरचं काही दिसेना, मी गाडी थांबवली आणि म्हटलं, मला वाट दिसत नाही. हे उतरले, फावड्याचा दांडा घेतला, आणि गाडीच्या पुढे चालायला लागले. दर दोन पावलांना दांडा खुपसून घट्ट बर्फ कुठे, भुसभुशीत कुठे ते बघायचं, आणि मागे वळून मला हात करायचा. हात वर म्हणजे थांब. दोन्ही हात आडवे म्हणजे सरळ येऊ नकोस. उजवा पुढे म्हणजे डावीकडून ये. फळ्यावर शिकवायचे तेच, रोज जेवताना मला सांगायचे आणि मी कधी ऐकलं नाही असं मला वाटायचं. पण सगळं कळत होतं. माझ्या मागच्या चार गाड्या माझे दिवे बघून येत होत्या, आणि मी यांचे हात बघून. तीन किलोमीटर. घळीच्या बाजूला हे स्वतः चालत होते. डांबर लागलं तेव्हा भुवया गोठल्या होत्या, आणि गेनादी गाडीतून उतरून यांच्यापुढे टोपी काढून उभा राहिला, तर त्याला म्हणाले, थांबण्याच्या रेषेच्या पुढे उभा आहेस.

शिर्दाकचं विहीणबाईंना मीच फोनवर सांगितलं. त्या हसल्या. आधी रागावल्या, मग हसल्या.

मे महिन्यात यांना अवश्य बोलवा. मला काही माहीत नाही असंच दाखवा. मी इकडे कुबातलाही तसंच दाखवायला सांगून ठेवलं आहे. क्लच हळू सोडायला शिकवा. चुकले तर ओरडू नका. नियम क्रमांक कितवा, एवढं विचारा, लगेच शांत होतात.